पायमोज्याची सुरकुती

लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या, म्हणजे ‘यूसीएलए’ या आद्याक्षरांनी क्रीडाविश्वाला परिचित असलेल्या विद्यापीठाच्या, बास्केटबॉल संघात दाखल झालेल्या तरुणांना, ज्यांतील कित्येक आपापल्या शाळेत कीर्ती संपादून आलेले असत, प्रशिक्षक जॉन वुडन पहिल्या दिवशी धडा देत तो पायमोजे घालण्याचा. मोजा टाचेपर्यंत ओढून हाताने सपाट कसा करावा, करंगळीपाशी सुरकुती कशी राहू देऊ नये, बुटाची नाडी एकेका छिद्रापाशी आवळत आणून शेवटी दुहेरी गाठ कशी मारावी, हे ते स्वतः करून दाखवीत. सुरकुतीने फोड येतो, फोडामुळे सराव बुडतो आणि सराव बुडालेला खेळाडू ऐन सामन्यात कामाचा राहत नाही, अशी त्यांची सरळ कारणमीमांसा होती.

इंडियाना प्रांतातील एका शेतकरी कुटुंबात १९१० साली जन्मलेले वुडन पर्ड्यू विद्यापीठाचे नामांकित खेळाडू होते; परंतु त्यांचा पेशा मुळात इंग्रजीच्या शिक्षकाचा, आणि माझ्या मते तो त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. केंटकीतील डेटन येथे शाळेच्या संघाची जबाबदारी घेतल्यावर पहिल्याच वर्षी त्यांच्या वाट्याला विजयांपेक्षा पराभव अधिक आले. पुढे युद्धकाळात नौदलात चाकरी करून ते इंडियानातील शिक्षक-महाविद्यालयात रुजू झाले. १९४७ साली त्यांच्या संघाला कॅन्सस सिटीतील राष्ट्रीय स्पर्धेचे आमंत्रण आले, तेव्हा कृष्णवर्णी खेळाडूंना तेथे मज्जाव असल्याचे पाहून, आणि संघातील क्लॅरेन्स वॉकर हा खेळाडू कृष्णवर्णी असल्यामुळे, त्यांनी ते नाकारले. पुढल्या वर्षी तो निर्बंध उठला, वॉकर खेळला आणि संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला.

१९४८ साली यूसीएलएची नेमणूक त्यांच्या पदरी पडली ती बर्फाच्या वादळामुळे. त्यांचा ओढा मिनेसोटा विद्यापीठाकडे होता. परंतु तेथून ठरल्या वेळी येणारा दूरध्वनी तारा तुटल्यामुळे आला नाही, दरम्यान यूसीएलएला होकार देऊन झाला, आणि नंतर मिनेसोटाचा निरोप आला तेव्हा दिलेला शब्द फिरवणे त्यांना मान्य नव्हते. नव्या ठिकाणी सरावाची जागा म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची कोंदट व्यायामशाळा, जिथे इतर खेळांचीही वर्दळ असे, आणि जिथली जमीन सरावापूर्वी प्रशिक्षकमहाशय स्वतः झाडूनपुसून घेत. पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद मिळाले ते १९६४ साली, सोळाव्या हंगामात. इतकी वर्षे धीर धरणारे व्यवस्थापक मंडळ आज कोठे सापडेल, हे निदान मला तरी ठाऊक नाही.

त्यांच्या अध्यापनाचे खरे दप्तर म्हणजे छोटी टिपणकार्डे. दोन तासांच्या सरावासाठी तितकाच वेळ खर्चून मिनिटामिनिटाची तजवीज त्यांवर लिहिलेली असे, आणि झालेल्या सरावाची नोंद ते वर्षानुवर्षे जपून ठेवीत. १९७४-७५च्या हंगामात रोलंड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर या दोन मानसशास्त्रज्ञांनी सरावाला बसून त्यांच्या २,३२६ शिक्षणकृती टिपल्या. त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कृती, काय करावे व कसे करावे एवढेच सांगणाऱ्या निघाल्या. शाबासकी थोडी, आणि निर्भर्त्सनाही थोडी! वक्तृत्वाने संघ पेटवणाऱ्या प्रशिक्षकांची वर्णने वाचून ज्यांचे मत बनले आहे, त्यांनी हा आकडा अवश्य ध्यानात घ्यावा.

यशाची गणना करावयाची तर १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत दहा अजिंक्यपदे, त्यांतील सात ओळीने, आणि सलग ८८ विजयांची मालिका. पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावाने गाजलेला ल्यू अल्सिंडर आणि बिल वॉल्टन हे त्यांचेच शिष्य. दाढी राखणे हा आपला हक्क आहे, असे वॉल्टनने एकदा बजावले, तेव्हा वुडन यांनी त्याच्या करारीपणाची वाखाणणी केली आणि आम्हांला तुझी उणीव भासेल, एवढेच सांगितले. वॉल्टनने तातडीने दाढी उतरवली.

या उज्ज्वल कैफियतीला एक काळी किनार आहे. सॅम गिल्बर्ट नामक धनिक चाहत्याने खेळाडूंवर नियमबाह्य मेहेरनजर केल्याचे नंतर वृत्तपत्रांतून उघडकीस आले. करंगळीपाशीची सुरकुती टिपणाऱ्या नजरेने या बाबीकडे अधिक बारकाईने पाहावयास हवे होते, असे मला वाटते. त्यांच्या अध्यापनाचे मोल तेवढ्याने उणे होत नसले, तरी स्तुतिपाठकांनी हे पान गाळू नये.

१९७५ साली सॅन डिएगो येथे केंटकीवर ९२-८५ असा विजय मिळवून, आणि तत्पूर्वीच्या सामन्यानंतरच आपला मनोदय जाहीर करून, वुडन निवृत्त झाले. त्यांचा वार्षिक पगार तोवर ३५,००० डॉलरांच्या वर कधी गेला नव्हता. वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी, ४ जून २०१० रोजी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या निवृत्तीनंतर यूसीएलएच्या पुरुष संघाला ते राष्ट्रीय अजिंक्यपद एकदाच, १९९५ साली, मिळाले आहे.