महिन्याला किती पुरतात?

महिन्याची पंचवीस तारीख उलटली, की होस्टेलवरची हवा बदलते. मेसची भाजी अचानक बरी लागायला लागते, एका कटिंगमध्ये दोघं भागवतात आणि घरी लावलेला फोन नेहमीपेक्षा जरा लांबतो. आधी आजीची तब्येत, मग गावाकडचा पाऊस आणि मग हळूच, "बाबा, थोडे पैसे टाकाल का?" बाबा विचारतात, किती. आई विचारते, कशाला.

कायद्याचं उत्तर अगदी रोखठोक आहे. आपण अठराव्या वर्षी सज्ञान होतो. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ मुलांना पोसायची जबाबदारी आईवडिलांवर टाकतो, ती मुलं अज्ञान असेपर्यंत. स्वतःचं भागवू न शकणाऱ्या अविवाहित मुलीसाठी ही जबाबदारी पुढेही चालू राहते. धडधाकट मुलासाठी हा कायदा अठराला हात वर करतो. पण अठराव्या वाढदिवसाला आपण असतो कुठे? बारावीचा निकाल हातात घेऊन अ‍ॅडमिशनच्या राउंडची वाट बघत. त्यामुळे आपल्याकडे कुठलंच घर कायद्याचं हे कॅलेंडर लावत नाही. 'नोकरी लागेपर्यंत' हीच आपली न लिहिलेली मुदत. ती मायेची आहे, पण तिच्यात आकडा कुठेच नाही आणि सगळी कुरबुर तिथूनच सुरू होते.

आकडा सरकारने मात्र काढलाय. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर स्वाधार योजनेतून मदत मिळते. मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांसाठी ती वर्षाला ६० हजार. त्यात जेवणाचे ३२ हजार, राहण्याचे २० हजार आणि उरलेल्या सगळ्याचे ८ हजार. 'उरलेलं सगळं' म्हणजे बस, रिचार्ज, झेरॉक्स, साबण, औषध, मित्राच्या बर्थडेची वर्गणी. महिन्याला सातशेसुद्धा होत नाहीत. पुण्यात पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या कुणालाही हा आकडा सांगून बघा, आधी हसेल. पण एवढ्यात भागवणारी मुलं आपल्याच बेंचवर बसतात, हेही लक्षात असू द्या.

माझ्या मते फी, राहणं, जेवण, प्रवास आणि दवाखाना यावर आईवडिलांनी झेपेल तेवढा खर्च जरूर करावा आणि तो घेताना आपणही ओशाळं होऊ नये. कोर्स आपण निवडला असला, तरी शिकायला पाठवायचं हे सगळ्या घराने ठरवलेलं असतं. हूडी, ट्रिप, दर दोन वर्षांनी नवा फोन हे वेगळं खातं. त्यासाठी घरच्यांनी नाही म्हटलं, तर ते कंजूस ठरत नाहीत.

पण रकमेपेक्षा ती येते कशी, याने जास्त फरक पडतो. मागेल तेव्हा पाचशे, मागेल तेव्हा हजार, ही सगळ्यात महाग पद्धत. यात मुलगा मागायला शिकतो, बाप चौकशी करायला शिकतो आणि वर्षाअखेरीस किती गेले ते दोघांनाही सांगता येत नाही. त्यापेक्षा एक तारखेला ठरलेली रक्कम एकदम द्यावी आणि पुढचे तीस दिवस कुणी काही विचारू नये. वीस तारखेला संपले, तर दहा दिवस वडापाव. पहिले दोन-तीन महिने चुकतील, चुकू द्यावेत. अठराव्या वर्षी दोन हजारांचा घोळ परवडतो, तिशीत क्रेडिट कार्डाचा परवडत नाही.

२०२४ मध्ये यूपीआय सर्कल नावाची सोय आली. तिच्यात घरचा माणूस आपल्या खात्यातून दुसऱ्याला खर्च करायची मुभा देऊ शकतो. मर्यादा एका व्यवहाराला पाच हजार, महिन्याला पंधरा हजार. सोय चांगली. पण तिच्यात असाही प्रकार आहे, की प्रत्येक वेळी घरून 'हो' आल्याशिवाय पैसे जातच नाहीत. कॅन्टीनच्या रांगेत उभं राहून आईच्या मंजुरीची वाट बघायची असेल, तर आपण कॉलेजात आलो कशाला?

दुसरी बाजू आपली. वडिलांचा पगार किती, घराचा हप्ता किती, सोसायटीचं पीककर्ज किती बाकी, हे किती जणांना माहीत असतं? घरी विषय काढला, की "तू अभ्यासाकडे लक्ष दे" असं उत्तर येतं. त्यात प्रेम असतं, पण त्यामुळे आपण आंधळेपणाने मागत राहतो. घरात येतात किती हेच ठाऊक नसेल, तर आपली मागणी जास्त आहे की कमी, हे ठरवायचं कशावरून? शैक्षणिक कर्जाचंही तसंच. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि हप्ते साधारण कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू होतात, म्हणून ते हलकं वाटतं. पण त्या कागदावर आपल्या शेजारी आई किंवा वडिलांची सही असते. आपण थकवलं, की बँकेचा फोन त्यांना जातो.

कमवायचं म्हणाल, तर कर्मवीर भाऊराव पाटलांच्या काळापासून 'कमवा आणि शिका' ही आपल्या मातीतली गोष्ट आहे. आजही अनेक कॉलेजांत या नावाची योजना चालते. तासांचे पैसे थोडेच मिळतात, पण हूडीचं खातं त्यातून निघू शकतं. रात्री बारापर्यंत डिलिव्हरी करून सकाळचं लेक्चर बुडत असेल, तर मात्र तो हिशेब तोट्याचा.

आणि एक गोष्ट, जी बऱ्याच घरांत बोललीच जात नाही. २०२४-२५ पासून राज्यात आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. म्हणजे सरकारने कॉलेजचं दार उघडलं. पण खोली, मेस आणि एसटीचे पैसे घरालाच काढायचे असतात आणि नेमका तिथे हात आखडतो. भाऊ स्पर्धा परीक्षेच्या तयारीला शहरात, ताई तालुक्याच्या कॉलेजात. "तुझ्यासाठी सोनं करून ठेवलंय ना," हे वर. त्या सोन्यातली एक बांगडी म्हणजे तिची वर्षाची मेस असते, हे तिला कुणी विचारलेलं नसतं.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत घरी जाल, तेव्हा एक दुपार हिशेबासाठी मागून घ्या. आईही बसू दे, कारण किराणा तीच भरते. बहीण-भाऊ दोघं शिकत असतील, तर एकाच पानावर दोन रकाने करा. वर दोघांची नावं लिहा आणि खाली कुणावर किती जातात ते.