पडण्याची भीती कशी जाते?

रिमोटचे हेलिकॉप्टर पहिल्यांदा उडवताना छाती धडधडते, तळहाताला घाम येतो, अंगठे थरथरतात. अंगठा थरथरला की यंत्रही डगमगते आणि ज्याची भीती होती तेच घडते. हा भित्रेपणा नव्हे. धोका वाटला की शरीर असेच वागते.

भीती टाळत राहिलो तर वाढते, थोडी थोडी सामोरी घेतली तर ओसरते. म्हणून आधी संगणकावर सिम्युलेटरचा सराव करावा. तिथे शंभरदा पडले तरी काही मोडत नाही. मग यंत्राखाली लांब आडव्या काड्या बांधून, शेपटी आपल्याकडे ठेवून, एका जागी तरंगवत ठेवावे. तोंड आपल्याकडे वळले की डावे-उजवे उलटे होते. ते नंतर शिकावे. हात कापू लागले तर खाली उतरवा, श्वास सावकाश सोडा, मग पुन्हा उडवा.

थोडी भीती मात्र राखलीच पाहिजे. फिरती पाती बोट कापतात, डोळा फोडतात. गल्लीत, लेकरांच्या घोळक्यात उडवू नका. मोकळे मैदान गाठा. पडतेय असे दिसताच मोटर बंद करा, झेलायला धावू नका. पाते नवे बसवता येते, डोळा नाही.