संगणकातली अडगळ

संगणकात टाकली जाणारी सॉफ्टवेअर दोन प्रकारची असतात. काही माणसाचे काम करतात: पत्र लिहून देतात, हिशेब मांडतात, चित्रपट दाखवतात. काही मात्र संगणकाचीच सेवा करू म्हणतात. वेग वाढवू, कचरा काढू, मेमरी मोकळी करू. नव्वदच्या दशकात या दुसऱ्या प्रकारालाही खरा अर्थ होता. पुढे ही कामे विंडोज स्वतःच करू लागली, तरी ती सॉफ्टवेअर टाकायची सवय गेली नाही. घरगुती संगणकात आज साचलेली बरीचशी अडगळ या सवयीतून आलेली आहे.

डिफ्रॅगचे उदाहरण घ्या. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि एक बारीक सुई तिच्यावरची माहिती वाचते. एकाच फाइलचे तुकडे तबकडीवर विखुरले की सुईला इकडून तिकडे धावावे लागते आणि वेळ जातो. हे तुकडे सलग लावणे म्हणजे डिफ्रॅग. १९९३च्या एमएस-डॉस ६ मध्ये त्यासाठी वेगळी आज्ञा होती आणि ती वापरणाऱ्याने आठवणीने चालवायची असे. व्हिस्टापासून विंडोज हे काम ठरल्या वेळी आपण होऊन करते. एसएसडी या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये तर फिरणारे काहीच नसते. तुकडे कुठेही असले तरी वाचायला जवळपास सारखाच वेळ लागतो. उलट तिच्यात माहिती किती वेळा लिहिता येईल याला मर्यादा असते, त्यामुळे डिफ्रॅगने तिची नुसती झीज होते. विंडोज एसएसडी ओळखून तिची निगा वेगळ्या पद्धतीने राखते. त्यासाठी निराळे सॉफ्टवेअर टाकायची गरज उरलेली नाही.

रजिस्ट्री क्लीनर हा प्रकार त्याहून घातक आहे. रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या आणि इतर प्रोग्रामच्या सेटिंगची मोठी वही. क्लीनर ती चाळतो आणि शेकडो ‘चुका’ सापडल्याचे लाल अक्षरांत दाखवतो. एवढ्या मोठ्या वहीत काही मेलेल्या नोंदी राहिल्या म्हणून संगणक मंदावत नाही, पण चुकीची एक नोंद पुसली गेली तर एखादा प्रोग्राम, कधी विंडोजच, सुरू व्हायचे थांबते. अशा क्लीनरच्या वापराला मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही. २०१७ मध्ये सीक्लीनर या अतिशय लोकप्रिय सॉफ्टवेअरच्या ५.३३ या आवृत्तीत हल्लेखोरांनी कंपनीच्या नकळत घातक कोड घुसवला आणि ती आवृत्ती सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर पोहोचली. स्वच्छतेसाठी घरात घेतलेल्या गोष्टीतूनच घाण आली.

मेमरी वाढवून देणाऱ्या सॉफ्टवेअरची कथा १९९५ची. सॉफ्टरॅम ९५ रॅम दुप्पट करते असे सांगून ते लाखो लोकांना विकले गेले. तपासात ते तसे काहीच करत नसल्याचे दिसले आणि १९९६ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने कंपनीवर कारवाई केली. रॅम भरलेली दिसणे हा आजार नव्हेच. लवकरच लागेल ते विंडोज तिथे हाताशी ठेवते. ‘रॅम क्लीनर’ तेच बाहेर काढतो आणि पुढच्या क्षणी ते पुन्हा डिस्कवरून आणावे लागते.

अँटिव्हायरसच्या बाबतीत इतके सरसकट बोलता येत नाही. विंडोज एक्सपीच्या काळात पेन ड्राइव्ह लावताच व्हायरस येई, तेव्हा तो हवाच होता. २०१२च्या विंडोज ८ पासून डिफेंडर हा पुरा अँटिव्हायरस विंडोजमध्येच मिळतो आणि साध्या घरगुती वापराला तो पुरतो. खरा धोका मुदत संपलेल्या अँटिव्हायरसचा. नव्या लॅपटॉपबरोबर काही दिवसांसाठी मिळालेला अँटिव्हायरस नूतनीकरण न केल्यास जुना पडत जातो आणि मालक मात्र संरक्षण आहे असे समजून निर्धास्त राहतो. तो काढून टाकला की डिफेंडर आपोआप पुन्हा जागा होतो.

माणसाचे काम करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र अस्सल रत्ने आहेत, तीही फुकट. व्हीएलसी प्लेअरची सुरुवात पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी केली. व्हिडिओ उलगडायला लागणारे कोडेक त्यातच भरलेले असल्याने पूर्वीसारखे कोडेक पॅक शोधत फिरावे लागत नाही. दाबून बांधलेल्या फाइल सोडवायला सेव्हन-झिप, पत्रे आणि तक्ते यांसाठी लिबरऑफिस. पीडीएफ नुसती वाचायची तर ब्राउझर पुरतो, पण ई-आधारवरची डिजिटल सही तपासायची झाली की अॅक्रोबॅट रीडर टाकावा लागतो.

मराठी टायपिंगचा निवाडाही असाच कामावर ठरतो. जुन्या फाँटमध्ये मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की निरर्थक चिन्हांची रांग दिसे. युनिकोडने हे संपवले. विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट कळफलक पूर्वीपासून आहे आणि २०१९ पासून विंडोज १० मध्ये उच्चारानुसार मराठी लिहिण्याची सोयही आहे. सामान्य लेखनाला आणखी काही लागत नाही. डीटीपीत, म्हणजे छपाईसाठी पाने मांडताना, मात्र पेजमेकर या सॉफ्टवेअरला युनिकोड कळत नाही, म्हणून तिथे श्रीलिपीसारखे जुने फाँट लागतात, आणि त्यांतला मजकूर युनिकोडमध्ये आणणारा कन्व्हर्टर फार उपयोगी पडतो.

अडगळ शिरते ती बहुधा ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करताना. फुकटच्या सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलरमध्ये आधीच टिक केलेला एखादा चौकोन असतो आणि त्यासोबत टूलबार किंवा ‘स्पीड बूस्टर’ येतो. क्रॅक केलेल्या प्रतीत काय दडले आहे हे तर कळायला मार्गच नसतो. म्हणून सॉफ्टवेअर मूळ कर्त्याच्याच संकेतस्थळावरून घ्यावे. साचलेले सेटिंगमधल्या अॅप्सच्या यादीतून काढता येते. नुसते संगणकाबरोबर सुरू होणारे टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप भागात बंद करता येते. अॅप्सच्या यादीत ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस रिडिस्ट्रिब्युटेबल’ नावाच्या एकसारख्या दिसणाऱ्या अनेक नोंदी असतात. त्या जादा वाटल्या तरी काढू नयेत. वेगवेगळे प्रोग्राम त्यांतल्या वेगवेगळ्या आवृत्तींवर उभे असतात.