आठवीनंतरचा आठवडा

शिरूर कासार तालुक्यातल्या माध्यमिक शाळेचं वर्ष कागदोपत्री जूनमध्ये सुरू होतं. शाळेची कसोटी मात्र लागते दिवाळीची सुट्टी संपल्यावरच्या पहिल्या सोमवारी. परिपाठाला रांगा लागतात. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, राज्यगीत, संविधानाची उद्देशिका, दिनविशेष असा क्रम ठरल्याप्रमाणे पार पडतो. नंतर वर्गात हजेरी सुरू होते आणि काही नावांना उत्तर येत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या उचललेल्या असतात. मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फेडायला घरातली कर्ती माणसं पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊस तोडायला गेलेली असतात. मागे सांभाळायला कुणी नसेल, तर मूलही ट्रॅक्टरवर चढतं.

बीड जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांपैकी शिरूर कासार हा एक. बालाघाटचा डोंगर, मुरमाड जमीन आणि भरवशाचा नसलेला पाऊस. पाटोद्याच्या डोंगरातून येणारी सिंदफणा इथून पुढं माजलगावकडं जाते आणि गोदावरीला मिळते. एरवी कोरड्या दिसणाऱ्या या नदीनं 2025 च्या सप्टेंबरात शिरूर कासारच्या वस्तीत पाणी घातलं. कोरडं साल असो की ओलं, पीक हातचं गेलं की कोयता हातात घ्यावा लागतो. कारखान्याचं गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतं आणि साधारण मार्चपर्यंत चालतं. शाळेचं दुसरं सत्र आणि दहावीची परीक्षाही याच महिन्यांत येते. कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे गाळप संपून, माणसं गावी परततात, तोवर शाळेचं वर्ष संपत आलेलं असतं.

अशा तालुक्यात माध्यमिक शाळेनं काय कमावलं, हे निकालाच्या फलकावरून कळत नाही. ते समजून घ्यायला आठवी आणि नववी यांच्यामधली रेघ आधी पाहावी लागते.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं 6 ते 14 या वयाच्या मुलांना मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाची हमी दिली. ती आठवीला संपते. शाळेतला पोषण आहार पहिली ते आठवीसाठी आहे. सरकारी मोफत पाठ्यपुस्तकंही आठवीपर्यंतच. अलीकडं सुरू झालेला दप्तराविना ‘आनंददायी शनिवार’सुद्धा पहिली ते आठवीचाच. त्यामुळं एकाच शाळेत, एकाच मधल्या सुट्टीत आठवीची मुलं खिचडीसाठी रांगेत बसतात आणि नववीची मुलं घरचा डबा उघडतात. ज्याची आई उसाच्या फडात आहे त्याचा डबा आजी करते, आणि आजीलाही जमत नसेल तर मोठी बहीण. ती बहीण बहुतेक वेळा त्याच शाळेत नववी-दहावीला असते. पहाटे उठून भाकरी थापून, धाकट्यांची आवराआवर करून ती पहिल्या तासाला पोहोचते, हीच तिची दिवसाची पहिली परीक्षा.

मंगळवार-बुधवार म्हणजे गणित, इंग्रजी आणि जादा तास. आठवीच्या वर्गात या दिवसांत एनएमएमएस परीक्षेची तयारी चालते. आर्थिक दुर्बल घटकातल्या हुशार मुलांसाठीची ही केंद्राची शिष्यवृत्ती. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता अशा दोन चाचण्या, प्रत्येकी 90 प्रश्नांच्या. निवड झाली की नववी ते बारावी अशी चार वर्षं दरसाल 12,000 रुपये. शहरातल्या घराला ही रक्कम किरकोळ वाटेल. इथं ती बापाला सांगण्याजोगं कारण ठरते: पोरगं शाळेत राहिलं तर चार पैसे येतात. म्हणूनच या परीक्षेत मूल निवडलं गेलं की मुख्याध्यापक ते नाव फलकावर ठळक लिहून ठेवतात. पण अर्जाला उत्पन्नाचा दाखला लागतो, बँकेचं खातं लागतं, आधारवरचं नाव जुळावं लागतं, आणि पालक तेव्हा शेकडो किलोमीटरवर फडाजवळच्या कोपीत. कागद गोळा करायला मग वर्गशिक्षकच तहसीलच्या खेपा घालतात. असं काम कुठल्याही वेळापत्रकात नसतं.

गुरुवारी मैदान. कबड्डी आणि खो-खोला खर्च नाही, फक्त जागा लागते. शालेय क्रीडास्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील अशा गटांत होतात आणि तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी पायरी चढत जातात. धावण्याच्या बाबतीत या भागातल्या पोरांना उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. अविनाश साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, म्हणजे याच जिल्ह्याचा. वाहनाची सोय नसल्यानं लहानपणी सहा किलोमीटरवरची शाळा त्यानं पायी आणि पळत गाठली. बारावीनंतर तो सैन्यात गेला. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये त्यानं रौप्य मिळवलं, 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्ण. त्याची गोष्ट सांगताना पदकांच्या बरोबरीनं ‘बारावीनंतर’ हा शब्दही सांगायला हवा. तो शाळेत टिकला, म्हणून पुढची वाट उघडी राहिली.

शुक्रवारी चित्रकलेचा तास आणि विज्ञान प्रदर्शनाची लगबग. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा ग्रामीण शाळांत मनापासून घेतल्या जातात, त्यामागे व्यवहारही आहे. इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली तर दहावीच्या गुणांत 7 गुणांची भर पडते, ब श्रेणीला 5 आणि क श्रेणीला 3. मुलांना तीन गुणही मोलाचे वाटतात. प्रदर्शनातली उपकरणं घरातल्याच अडचणींतून येतात: पाणी, वीज, शेतीची अवजारं. जीवशास्त्राचा जिवंत धडा हवा असेल तर तोही तालुक्यातच आहे. तागडगावला सिद्धार्थ आणि सृष्टी सोनवणे या दांपत्यानं जखमी वन्यजीवांच्या शुश्रूषेसाठी उभारलेलं ‘सर्पराज्ञी’ केंद्र त्यासाठी ओळखलं जातं.

शनिवारी सकाळची शाळा. दुपारी घरी जाणाऱ्या मुलींच्या हातात एसटीचा पास असतो. अहिल्यादेवी होळकरांच्या नावाच्या योजनेत ग्रामीण मुलींना घर ते शाळा हा प्रवास मोफत आहे. ही सवलत आठवीच्या रेघेवर थांबत नाही, बारावीपर्यंत जाते, आणि म्हणून तिचं मोल मोठं. वेळेवर एसटी आली तर मुलगी शाळेत येते. फेरी रद्द झाली तर घरचे दोन दिवस वाट पाहतात आणि तिसऱ्या दिवशी ‘राहू दे आता’ म्हणतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 43.7 टक्के जणींचं लग्न अठरा वर्षांच्या आत झाल्याचं आढळलं. राज्याचं प्रमाण 21.9 टक्के होतं. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल कोयत्यावर मिळते. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. हे गणित ज्या घरात चालतं, तिथं नववीतल्या मुलीला स्थळ लवकर सांगून येतं. तिच्या दप्तराशी स्पर्धा करणारी गोष्ट अभ्यासाच्या बाहेरची आहे, आणि शिक्षकांना ती तोंडावर बोलून दाखवावी लागते.

रविवारी शाळा बंद. पण या तालुक्यात एक अशी शाळा आहे जिला रविवारही चालवावा लागतो. आर्वी इथलं ‘शांतिवन’. बाबा आमट्यांच्या कामातून प्रेरणा घेतलेल्या दीपक नागरगोजे यांनी 2000 च्या सुमारास ते सुरू केलं, आणि कावेरी नागरगोजे यांच्या साथीनं वाढवलं. ऊसतोड कामगारांची मुलं आईबापांबरोबर फडात जाऊ नयेत, यासाठी निवासी शाळा हा त्यांचा साधा विचार. पुढं आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची मुलं आणि इतर निराधार मुलंही तिथं आली. इथं वाढलेल्या मुलांनी वैद्यकीय आणि अभियांत्रिकी शिक्षणापर्यंत मजल मारली. शांतिवनानं केलेली गोष्ट अवघड शब्दांत सांगायची गरज नाही. मुलाच्या दोन वेळच्या जेवणाची, झोपण्याच्या जागेची आणि आजारपणाची जबाबदारी शाळेनं उचलली की हंगाम आला तरी मूल पटावर राहतं.

मुलांना शिकवण्याची धडपड या डोंगरपट्ट्याला नवी नाही. पलीकडं पाथर्डी तालुक्यात भगवानगड आहे. भगवानबाबांनी कीर्तनातून अध्यात्माइतकाच शिक्षणाचा आग्रह धरला. जमीन गेली तरी चालेल पण मुलं शिकली पाहिजेत, हा त्यांचा उपदेश इथल्या घराघरांत आजही सांगितला जातो. राज्य सरकारनं 2021 मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी त्यांच्याच नावानं वसतिगृह योजना आणली. 41 तालुक्यांत मुलांसाठी 41 आणि मुलींसाठी 41 अशी 82 वसतिगृहं मंजूर केली. सरकारी हंगामी वसतिगृहांची सोय प्रामुख्यानं शिक्षण हक्काच्या वयापुरती असताना ही योजना महत्त्वाची आहे. ती कागदावरून प्रत्येक तालुक्यात किती लवकर उतरते, यावर नववीचा पट ठरेल.

जी मुलं मध्येच सुटतात त्यांच्यासाठी परीक्षा मंडळानं एक दार ठेवलं आहे: सतरा नंबरचा फॉर्म. खाजगीरीत्या बसून दहावी किंवा बारावी देता येते. गावातल्या कित्येकांनी लग्नानंतर, पोलीस भरतीच्या निमित्तानं, अंगणवाडीच्या नोकरीसाठी हाच फॉर्म भरला आहे. शिक्षकांनी तो जसा मध्येच शाळा सुटलेल्या मुलांना समजावून सांगावा, तसा फडावरून परतलेल्या आईबापांनाही सांगायला हवा.

उन्हाळ्यात दहावीचा निकाल लागतो. छत्रपती संभाजीनगर विभागाची टक्केवारी वर्तमानपत्रात येते, शाळा आपला निकाल फ्लेक्सवर लावते, गावात पेढे वाटले जातात. तो आनंद खराच असतो. मात्र ही टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांची असते. नववीतच पटावरून गळालेलं मूल तिच्यात नापास म्हणूनसुद्धा दिसत नाही. तेव्हा शिरूर कासारच्या कुठल्याही शाळेचं कौतुक करायला जाल, तर निकालाबरोबर आणखी एक आकडा मागा: दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये नववीच्या पटावर किती मुलं-मुली होत्या आणि त्यांपैकी किती जणांनी हॉलतिकीट घेतलं. हे दोन आकडे जिथं जवळजवळ सारखे असतील, ती या तालुक्यातली सर्वांत गुणवंत शाळा.