फोटोत माणूस बसवावा कसा?

कापडाच्या धंद्यात तीस वर्षे गेली, पण एक गोष्ट पहिल्याच वर्षी कळली. मोहाडी-आंधळगावची कोशाची साडी ट्यूबलाइटखाली उघडली की तिचा सोनेरी रंग मातकट दिसतो. तीच साडी दाराजवळ नेऊन बाजूच्या उजेडात धरली की करवतकाठी किनारीचा एकेक दात उठून येतो. चेहऱ्याचेही असेच आहे. भंडारा जिल्ह्यातल्या आपल्या स्टुडिओवाल्या बांधवांसाठी आज कापड बाजूला ठेवून फोटोवर लिहितो आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या भाचीचा फोटो रिश्त्यासाठी काढला. स्टुडिओवाल्याने तिला स्टुलावर अगदी समोरासमोर बसवले, डोक्यावरचा दिवा लावला, "मान वर करा" म्हणाला आणि बटण दाबले. अर्धे मिनिटसुद्धा लागले नाही. फोटोत डोळ्यांखाली काळे खड्डे, नाकपुड्या दिसताहेत, खांदे पहिलवानासारखे. मुलाकडून निरोप आला, जमणार नाही. कारण कोणी सांगितले नाही. आम्ही समजायचे ते समजलो. मग बहिणीने त्याच कपड्यांत तिला घरच्या खिडकीशेजारी बसवून फोटो काढवला. पाहणारे विचारू लागले, ही धाकटी का?

फरक मशीनचा नव्हता, बसवण्याचा होता. अंग थोडे तिरपे करावे आणि चेहरा कॅमेऱ्याकडे वळवावा, म्हणजे खांदे आखूड दिसतात. उभा फोटो असेल तर वजन मागच्या पायावर द्यावे. हनुवटी वर उचलू नये. किंचित पुढे काढून जराशी खाली आणावी. बसणाऱ्याला हे विचित्र वाटते, पण दुहेरी हनुवटी त्यानेच जाते. उजेड समोरून नको, डोक्यावरून तर नकोच. एका बाजूने, डोळ्यांच्या थोडा वरून यावा. गोल चेहरा असेल तर कॅमेऱ्याकडची बाजू सावलीत ठेवावी, चेहरा निमुळता दिसतो. टक्कल असणाऱ्याचा फोटो वरून घेऊ नये (हे मी स्वानुभवाने सांगतो!). चष्म्यावर दिवा चमकत असेल तर कानावरच्या दांड्या जरा उचलाव्यात. डोळे चौकटीच्या वरच्या तिसऱ्या भागात आले की डोक्यावर उगाच रिकामी जागा उरत नाही.

मोबाइलवाल्यांची सर्वांत मोठी चूक अंतराची. हातभरावरून फोटो काढला की नाक मोठे होते आणि कान मागे जातात. पाच-सहा फूट मागे सरकून झूम करावे. स्टुडिओत चेहऱ्यासाठी ८५ मिलिमीटरच्या आसपासची लेन्स वापरतात, ती याचसाठी.

आता माझ्या प्रांतातले. काळी शेरवानी गडद पडद्यापुढे नको, नुसते मुंडके तरंगते. पांढरा कुर्ता, पांढरी टोपी असली की कॅमेरा फसतो आणि चेहरा काळवंडतो. उजेड थोडा वाढवून घ्यावा. बारीक रेघांच्या कापडावर डिजिटल कॅमेऱ्यात लाटा उमटतात. बसल्यावर कोटाचा मागचा भाग खाली ओढून त्यावरच बसवावे, म्हणजे कॉलर मानेवर चढत नाही. पासपोर्टच्या फोटोला यातले फारसे चालत नाही. तिथे चेहरा सरळ, मागे पांढरे, आणि हसू घरी ठेवून यायचे.

मोबाइलने धंदा बसवला, अशी तक्रार प्रत्येक स्टुडिओवाला करतो. तक्रार खोटी नाही. पण एक गिऱ्हाईक अजून दाराबाहेरच उभे आहे. राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ उघडला होता आणि त्याचा कारभार एका इंग्रज बाईकडे दिला होता. आज आपल्याकडच्या लग्नांत बायकांच्या बाजूला फोटो काढायला बाई मिळते का, अशी विचारणा माझ्या दुकानात साड्या घेतानाच होते. हनुवटीला हात लावून मान वळवणे, ओढणीची चुणी नीट करणे हे परक्या पुरुषाला जमणारे काम नव्हे, आणि फोटो कोणाच्या मोबाइलमध्ये राहणार याचीही घरच्यांना काळजी असते. ज्यांच्या मुली, सुना घरी मोबाइलवर चांगले फोटो काढतात, त्यांनी या लग्नसराईपूर्वी एक बरा कॅमेरा घेऊन द्यावा. पहिली दोन-तीन गिऱ्हाइके मी माझ्या दुकानातून पाठवीन.