शून्य रुग्ण? काचपट्ट्या दाखवा!

समजा, रत्नागिरी जिल्ह्यात दोन हजार वस्तीचं एक गाव आहे. वर्षअखेरीस तिथून अहवाल येतो: हिवतापाचे रुग्ण शून्य. आपण म्हणू, वा! पण आकड्यांवर नजर ठेवणारा मुरलेला माणूस पेढे मागवत नाही. तो विचारतो, "काचपट्ट्या किती झाल्या?"

कारण शून्य दोन तऱ्हांनी येतं. रोग नसला तरी येतं आणि कुणी शोधलाच नाही तरी येतं. कागदावर दोन्ही शून्यं हुबेहूब सारखी! मग ओळखायची कशी? आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाने त्यासाठी एक दंडक घातला: वर्षभरात लोकसंख्येच्या किमान १० टक्के रक्तनमुने तपासले गेले पाहिजेत. म्हणजे आपल्या गावात २००. दोनशे तपासून शून्य, तर बोलू. चाळीस तपासून शून्य? ते शून्य परत पाठवा.

गंमत बघा. आशाताई तापकऱ्याच्या बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घेतात, त्या नमुन्याचे त्यांना वर्षानुवर्षं १५ रुपये मिळत आले, आणि नमुन्यात काही सापडलं नाही तरी मिळतात. 'इथे काही नाही' ही बातमी सरकार चक्क विकत घेतं! सरकारी खर्चात इतका शहाणा खर्च मला दुसरा माहीत नाही.

ती काचपट्टी जरा जवळून पाहा. तिच्यावर रक्ताचे दोन थर असतात, एक जाड आणि एक पातळ. जाड म्हणजे किती? पट्टी छापील कागदावर ठेवली तर खालची अक्षरं जेमतेम वाचता यावीत, इतका. आता एवढ्या रक्तात तांबड्या पेशींची गर्दी, त्यात हिवतापाचा परजीवी दिसणार कसा? युक्ती अशी की तो जाड थर तसाच पाणीदार रंगात सोडायचा. तांबड्या पेशी फुटतात, त्यांचा लाल रंग धुऊन निघतो. मागे उरतात पांढऱ्या पेशी, आणि असलाच तर परजीवी, जांभळा-निळा रंग लेवून. तो नेमका कोणत्या जातीचा, हे पातळ थर सांगतो, कारण तिथे पेशी शाबूत असतात. सूक्ष्मदर्शकाखाली अशी शंभर क्षेत्रं पाहिल्याशिवाय तंत्रज्ञाने 'नाही' लिहायचं नसतं. आणि त्याने 'नाही' लिहिलेल्या काही पट्ट्या वरच्या प्रयोगशाळेत दुसरा माणूस पुन्हा पाहतो.

बरं, दोनशे भरले. पण कुणाचे? रोज दवाखान्याच्या ओट्यावर येणाऱ्यांचेच घेतले तर आकडा भरतो, परजीवी निसटतो. रत्नागिरीत खरी मेख इथेच आहे. हापूसच्या बागा राखायला नेपाळी राखणदार येतात, बागेतच खोपीत राहतात. चिरेखाणींवर बाहेरचे मजूर असतात आणि पावसाळ्यात जुन्या खाणींत पाणी साचतं. मिरकरवाडा बंदरातल्या बोटींवरचे खलाशी दिवसचे दिवस समुद्रात. यांतल्या कुणाला ताप भरला तर तो असेल तिथेच एखादी गोळी घेऊन पडून राहतो, मतदार यादीत तर त्याचं नावही नसतं.

त्यात व्हायवॅक्स जातीचा परजीवी महावस्ताद! तो यकृतात महिनोन्‌महिने झोपून राहतो. दूरच्या गावी डास चावला, ताप मात्र रत्नागिरीत आला. मग हा रुग्ण कुणाच्या खात्यात मांडायचा? म्हणून रुग्ण सापडला की त्याला विचारतात, गेले काही आठवडे तुम्ही कुठे कुठे मुक्काम केलात? झोपलेल्या परजीवीसाठी प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावं लागतं. ताप तर दोन-तीन दिवसांत उतरतो, मग उरलेल्या गोळ्या पोटात गेल्या की खिशात राहिल्या, हेही तपासावं लागतं.

आता डासांकडे वळू. जिथे घरात फवारणी होते, तिथे ती लागू पडली हे कसं कळणार? कीटक समाहारक, म्हणजे डास गोळा करणारा कर्मचारी, टॉर्च आणि चोषनळी घेऊन पहाटे भिंतीवर विसावलेले डास टिपतो. पण नुसती संख्या मोजून भागत नाही, डासाचं वय हवं! परजीवी डासाच्या पोटात तयार व्हायला साधारण दहा-बारा दिवस लागतात. रोज शंभरातल्या ९० माद्या जगत असतील तर दहा दिवसांनी सुमारे ३५ उरतात. रोज ७० जगल्या तर? जेमतेम तीन! म्हणजे डास संपवायची गरजच नाही, त्यांना म्हातारं होऊ दिलं नाही की पुरे.

आणि डासाचं वय सांगणार कोण? तिचं अंडाशय. सोव्हिएत शास्त्रज्ञ देतीनोवा यांनी ही रीत बसवली. कधीच अंडी न घातलेल्या मादीच्या अंडाशयावरच्या हवानलिकांची टोकं लोकरीच्या लडीसारखी गुंडाळलेली असतात. पहिल्यांदा अंडी भरली की अंडाशय फुगतं, लडी उलगडते, आणि नंतर ती कधीच पुन्हा गुंडाळली जात नाही. उलगडलेल्या लडींचं प्रमाण घटलं, म्हणजे फवारणी लागू पडली!

हा सारा खटाटोप हवाच का? इतिहास बघा. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला ७.५ कोटी रुग्ण आणि ८ लाख मृत्यू, असा अंदाज होता. १९६५ पर्यंत रुग्ण एक लाखावर आले. मग फवारायच्या डीडीटीचा तुटवडा पडला, डास त्याला पुरून उरू लागले, शोधमोहीमही ढिली पडली. १९७६ ला आकडा ६४ लाख! शेजारच्या श्रीलंकेत १९६३ साली केवळ १७ रुग्ण उरले होते. फवारणी थांबवली, आणि १९६८-६९ मध्ये लाखो लोक तापाने फणफणले. पुढे त्याच देशाने २०१२ नंतर एकही स्थानिक रुग्ण होऊ दिला नाही आणि २०१६ ला जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाणपत्र मिळवलं. डास तिथे अजून आहेतच, म्हणून बाहेरून येणाऱ्याचं रक्त आजही तपासलं जातं.

भारताने स्थानिक रुग्ण शून्यावर आणायला २०२७ साल धरलं आहे. ते शून्य सलग तीन वर्षं टिकलं तरच प्रमाणपत्राचा अर्ज करता येतो. मग परीक्षक येतील, नोंदवह्या उघडतील आणि विचारतील, मिरकरवाड्याला उतरलेल्या खलाशाला ताप होता, त्याची काचपट्टी कुठे आहे?