खंडाची जमीन आणि भूगर्भांतील वायु

बारामती व इंदापूर तालुक्यांतील बागाइतदारास जमीन खंडानें देण्याचा व्यवहार नवा नाहीं. उद्यां कोणी भूगर्भांतील वायूच्या शोधासाठीं पट्टा मागूं लागला, तर कागदावर सही करण्यापूर्वीं काय पाहावें, याचा विचार शेतकरीबंधूंनीं आजच करून ठेवणें इष्ट आहे.

दगडी कोळशाच्या थरांत मिथेन नांवाचा ज्वलनशील वायु असतो. पाण्याच्या दाबामुळें तो कोळशास धरून राहतो. विंधन विहीर घेऊन तें पाणी महिनोन्‌महिने उपसलें, म्हणजे दाब उतरतो आणि वायु सुटून वर येतो. भारत सरकारनें याविषयींचें धोरण १९९७ सालीं ठरविलें. पुढें २००७ सालीं बंगालमधील राणीगंज क्षेत्रांत हा वायु विक्रीसाठीं निघूं लागला. सारांश, जेथें कोळसा तेथेंच हा वायु. आपल्या राज्यांतील कोळसा नागपूर, चंद्रपूर व यवतमाळ या जिल्ह्यांत आहे.

आपल्याकडे विहीर खणतांना मुरमाखालीं काळा पाषाण लागतो, हें प्रत्येकास ठाऊक आहे. तो प्राचीन लाव्ह्याचा थर होय. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी येथें घेतलेल्या छिद्रांत तो ३३८ मीटर जाड आढळला. कोयनेजवळ गोठणे येथें २०१७ सालीं पुरें झालेलें छिद्र तीन किलोमीटर खोल गेलें. तेथें सुमारें १२४७ मीटर पाषाणाखालीं एकदम ग्रॅनाइटच लागला. कोळसा दोन्ही ठिकाणीं मिळाला नाहीं. दोन छिद्रांवरून सर्व पठाराचा निकाल लागत नाहीं, हें खरें. तथापि “तुमच्या शिवारांत कोळशाचा वायु खात्रीनें आहे” असें सांगणाराकडे प्रथम छिद्राची नोंद मागावी.

दुसरी गोष्ट मालकीची. सात-बाराच्या उताऱ्यावर नांव असलें, तरी खालच्या खनिजावर खातेदाराचा हक्क समजूं नये. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या ४८ व्या कलमानें खनिजांचा हक्क राज्य सरकारनें स्वतःकडे ठेविला आहे. तेल व वायु यांच्या शोधाचें नियमन १९४८ च्या तेलक्षेत्रविषयक कायद्याखालीं होतें. परवाना सरकार देतें, शेतकरी नव्हे. आपण देतों तो केवळ जमिनीच्या पृष्ठभागाचा वापर. म्हणून ज्याच्यापाशीं सरकारी परवाना नाहीं, त्याच्याशीं बोलणें लावूं नये. आणि वायूच्या उत्पन्नांत वांटा मिळेल या तोंडी आशेवर खंड कमी घेऊं नये.

तिसरी गोष्ट मुदतीची. तिचा धडा इंदापूर तालुक्यांतच मिळतो. वालचंदनगर भागांतील अनेक शेतकऱ्यांच्या वडिलांनीं साखर कारखान्याच्या उसासाठीं जमिनी खंडानें दिल्या. पुढें १९६१ चा कमाल जमीनधारणेचा कायदा आला. खंडाच्या जमिनीही सरकारकडे गेल्या आणि १९६३ सालीं स्थापन झालेल्या शेती महामंडळाच्या ताब्यांत राहिल्या. त्या खंडकऱ्यांना परत देण्याचें वांटप सुरू होण्यास २०१२ साल उजाडलें. ज्यांनीं जमीन दिली, त्यांतील कित्येकांना ती पुन्हां पाहतां आली नाहीं. हक्क शाबीत करण्यासाठीं नातवंडांना जुनीं दप्तरें धुंडाळावीं लागलीं.

यास्तव कोणत्याही पट्ट्यांत गट क्रमांक, क्षेत्र, मुदत व दरसालचा खंड स्पष्ट लिहून घ्यावा. पट्टा दुसऱ्यास देण्याची मुभा ठेवूं नये. वरची काळी माती बाजूस राखून काम संपतांच पसरणें, छिद्र पक्कें बुजविणें, उपसलेलें पाणी शेजाऱ्याच्या शेतांत अगर चारींत न सोडणें, या अटी कागदांतच असाव्या. असें पाणी पुष्कळदां खारट असतें, आणि नीरेच्या कालव्याखालीं चोपण झालेली जमीन सुधारण्यास किती वर्षें जातात, हें आपणांस नव्यानें सांगणें नको. दस्त नोंदवून त्याची प्रत घरांत ठेवावी, आणि ती कोठें ठेविली आहे हें मुलांसही सांगून ठेवावें.